सात जणींच्या मधोमध मी

गल्लीतले किस्से म्हणजे गवऱ्या. रोज चार वापरा, ढीग काही कमी होत नाही! आमच्या गोरेगावच्या गल्लीतले हे ताजे, रक्ताचे.

*

आमच्या गल्लीची आशाताई रेखा. तिनं आम्हा सात जणींच्या बोटाला सुई टोचली, मशीनवर रक्ताचे, म्हणजे हिमोग्लोबिनचे, आकडे पाहिले आणि कमीवालीपासून जास्तवालीपर्यंत ओळीत उभं केलं.

मला शंकाच आली. ओळ लागली की कुणाचं तरी नाव कटतं!

"काहून गं, कोणाचं रेशन बंद करून राहिली?"

"न्हाई काकू, गल्लीचा मधला आकडा काढायचाय. तुमच्या इकडं तीन, तिकडं तीन. मधल्या तुमी. साडेअकरा!"

*

शेवटी उभी शेवंता, तेरावाली. ती फुगली. "सगळ्यात जास्त माझं, अन् आकडा हिचा?"

रेखा म्हणाली, "तुमचं वीस असतं तरी मधल्या काकूच."

"म्हंजे माझं रक्त वायाच गेलं!"

*

दुसऱ्या टोकाला गिरजाबाईची सून संगीता. सहावा महिना, आणि रक्त आठ! रेखानं तिला रक्तवाढीच्या लाल गोळ्या दिल्या. पण गिरजाबाई खूश. "गल्लीचं साडेअकरा हाय की! मग गोळ्या कायला?"

गिरजाबाईचं घर माझ्या शेजारीच. मी भिंतीवरून नजर ठेवली. तिसऱ्याच दिवशी तिच्या गुलाबाच्या कुंडीत त्याच लाल गोळ्या!

"गिरजे, हे काय?"

"गोळ्यांनी लेकरू काळं होतंय म्हणे."

"अन् तुझा पोरगा काय दुधात धुतलाय? त्याच्या वेळी कोणत्या गोळ्या खाल्ल्या व्हत्या?"

*

मी रेखाला बोलावून आणलं. तिनं सरळ सांगितलं, "मावशी, मधला आकडा गल्लीचा. संगीताचं रक्त आठच. असं बाळंतपण म्हंजे तिच्या जिवाशी खेळ."

गिरजाबाईचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून गूळ, शेंगदाणे, मेथी आणि समोर उभं राहून गोळी. "आ कर. जीभ उचल. गिळली का बराबर?" माझ्यापेक्षा संशयी निघाली!

*

दोन महिन्यांनी पुन्हा ओळ. संगीता साडेदहा! दोघींना मागं टाकून माझ्या शेजारी आली. बाकी सगळ्या होत्या तिथंच. मधला आकडा? साडेअकरा.

गिरजाबाई भडकली. "दोन महिने खाऊ घातलं, अन् आकडा तिथल्या तिथं? मशीन बदल!"

"मावशी, सून सुधरली की तुमची!"

"ते दिसतंय मला." आणि ती माझ्याकडं टक लावून बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. हातात वाटीभर गूळ-शेंगदाणे, पदराआड गोळी.

"आ कर," म्हणाली. "तू हलल्याबिगर गल्ली सुधरत न्हाई!"