वर आलेला सातवा खांब

मातीचं धरण हळूहळू खाली बसतंच. ते किती बसलं हे मोजायला आम्ही पाथर्डीकडच्या एका जुन्या धरणावर दर हिवाळ्यात जातो. बांधावर काँक्रीटचे बुटके खांब आहेत. त्यांच्या माथ्यावर मापपट्टी उभी करायची आणि लांबून दुर्बिणीतून आकडा वाचायचा, एवढंच काम.

यंदा सातवा खांब चक्क सहा मिलिमीटर वर आला होता! मी तीनदा वाचलं, तीनदा तेच. अख्खा बांध खाली बसतोय आणि हा पठ्ठ्या वर येतोय? आतून पाण्याचा दाब तर नाही? माझ्या कॉम्प्युटरवरच्या मॉडेलला हे स्वप्नातही सुचलं नसतं. मी बांधावरून पळतच सुटले.

खांबाच्या माथ्यावर शेंदराचा जाड थर होता. पट्टी धरणारा माझा सहकारी चपला काढून उभा होता.

"अरे, खरवडायचं नाही का?" मी ओरडले.

"देवाला कसं खरवडू, मॅडम?"

"कुणी केला ह्याचा देव?"

शेजारी शेळ्या चारणारी म्हातारी हसली. "तुमीच की, ताई. दरसाल गाडी करून येता, ह्याला पुसता. उन्हात सोताची डोकी भाजून घेता अन् छत्री धरता ती दुर्बिनीवर. अन् ती दुर्बीन बघती कुनाकडं? ह्याच्याकडंच की!"