पाइपावरची कात

मी कोकणातला, आठवीत शाळा सोडलेला. धरणगावकडच्या या कपाशीच्या शेतावर राखणीला राहिलो, तरी पाय काही एका जागी ठरेनात. जीव घाबरा झाला की शेततळ्याला चक्कर मारायची. कातींचं वेड त्यातूनच लागलं.

जळगावच्या कॉलेजातल्या एक मॅडम तळ्यावर चतुर, ते लांब शेपटीचे चार पंखांचे किडे, बघायला यायच्या. चतुराची पाण्यातली अळी वर चढते, पाठ फाटते, चतुर उडून जातो, कात तिथंच चिकटून राहते. मॅडम म्हणाल्या, "उडणारा कुठूनही आलेला असतो. कात मिळाली तरच तो इथं जन्मला म्हणायचं." कात भिजवून भिंगाखाली ओळखायला त्यांनीच शिकवलं. मला इतकं समजावून आधी कुणी सांगितलं नव्हतं. हिरव्या छातीचा मोठा चतुर रोज तळ्यावर फिरायचा, त्याची कात मात्र सापडत नव्हती. आणि मॅडम आता एकदाच, शेवटच्या येणार होत्या.

त्याच्या आदल्या सकाळी मोटरीच्या पाइपावर एक मोठी कात दिसली. पण चतुर अजून तिलाच धरून लटकलेला, पंख ओले, अंगावर रंग नाही. हात लावला तर तो मरणार. मोटर सुरू केली तर पाइप हिसका देणार, दोन्ही पाण्यात.

तेवढ्यात मालक आले, आमचे आबा.

"मोटर चालू कर ना रे भाऊ. लाईट चालनी जाई."

"आबा, थोडं थांबता का?"

"काबरं?"

मी बोट दाखवलं.

"हाई काय शे? किडास्नं बाळंतपण बी आते तूच करस का?"

पण आबा बांधावर टेकले, तंबाखू मळायला लागले. मी स्टार्टरपाशी जायचो, परत काठाशी. लाईट जाईल, वारा सुटेल, आबांचं मन फिरेल.

"बैस ना रे. पायले भिंगरी शे का तुना?"

पंख चकाकले, थरथरले, आणि चतुर कपाशीवरून निघून गेला. काठाला बांधलेला दोर धरून तळ्यात उतरलो, कात काडेपेटीत घेतली, मोटर सुरू केली.

खोपीत ती कोमट पाण्यात ठेवली. मऊ झाल्यावर तोंडावर दुमडलेला खालचा ओठ सुईनं उलगडला. चमच्यासारखा खोलगट निघाला असता, तर कात लहान लाल चतुराची ठरली असती. हा सपाट होता, म्हणजे हिरव्या छातीच्या मोठ्याचीच. तरी पुन्हा पाहिलं, परत पाहिलं.

आबा दारात उभे. "मंग? आठलाच शे का तो?"

"इथलाच, आबा."

"मंग सांग मॅडमले, आमना शे म्हनीसन."

कपाशीला पाणी पुरं होईपर्यंत लाईट टिकली. मी मात्र काडेपेटी उघडून बघतच होतो, कात आहे ना म्हणून.