लाल जहाजाच्या मागे

“भावजी, जहाज चाललंय! आवो, चाललंय ते! कवापासनं त्याच्या मागं होडी हाकताय तुमी?”

मेव्हणा होडीच्या पुढच्या टोकावर उभा राहून बोंबलत होता. मी मागच्या टोकाला, मशीनचा दांडा काखेत धरून, अगदी नौदलाच्या ऐटीत बसलो होतो. समोर ते लाल जहाज. सकाळी नऊला जेवढं दिसत होतं तेवढंच आता साडेबारालाही दिसत होतं. तसूभर लहान नाही, तसूभर मोठं नाही. मला वाटत होतं, याचं श्रेय माझ्या सुकाणूला आहे.

“चाललंय म्हणजे?” मी म्हणालो. “जहाज आहे, चालणारच.”

“उभं व्हतं ते! चार दिस उभं व्हतं!”

“मग तूच म्हणालास ना, त्याच्यावर होडीचं नाक धरा म्हणून? मी धरलंय. अजून सुटलेलं नाही.”

मेव्हण्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे, जिथे उरणचा किनारा असायला हवा होता तिकडे. मीही वळून पाहिलं. मागे काहीच नव्हतं. म्हणजे पाणी होतं, पाण्यावर दुधासारखं धुरकट काहीतरी होतं, आणि त्याच्यावर आभाळ होतं. डोंगर, झाडं, टाक्या, कारखान्यांच्या चिमण्या, सगळा रायगड जिल्हा कोणीतरी पाटीवरून पुसावा तसा पुसला गेला होता.

मी घाटावरचा माणूस. आमच्या गावची नदी वर्षातले दहा महिने रस्ता म्हणून वापरात असते. नोकरी बेलापूरला, घर नेरुळच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर, आणि बायको उरणच्या कोळीवाड्यातली. लग्नाला तीन वर्षं झाली तरी सासरवाडीत मी ‘घाटावरचा जावय’च होतो. मासे खाताना काटा अडकला की सगळं घर हातातली कामं टाकून बघायला यायचं. त्यामुळे मे महिन्याच्या त्या रविवारी मेव्हणा म्हणाला, “भावजी, येताव का घोल मारायला?” तेव्हा मी हो म्हणायच्या आधीच पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तयार होतो.

मेव्हण्याचं काम मात्र निराळं होतं. तो बंदराजवळच्या कंटेनर यार्डात गेटवर बसून ट्रेलरचे नंबर लिहायचा. सात वर्षं नंबर लिहून त्याला जेवणाच्या ताटातही नंबर दिसायला लागले होते, असं त्याची बायको सांगायची. त्याला यार्ड सोडून पुन्हा दर्यावर जायचं होतं. सासऱ्यांनी गुडघे गेल्यावर मोठं गलबत मोडीत काढलं होतं. उरली होती ही एक खाडीतली होडी, मागे लावायच्या मशीनसकट. सासरे फार बोलत नसत. पण आदल्या संध्याकाळी ते मुलाला एवढं म्हणाले होते, “खाडीच्या तोंडाशी गल टाक. एक घोल आन. मग होडी तुझी, मशीन तुझी, यार्ड सोड नायतर धर.”

म्हणजे त्या दिवशी घोळ नावाचा मासा नुसता मासा नव्हता. मेव्हण्याचा राजीनामा त्याच्या तोंडात होता.

निघताना सासरे धक्क्यावर आले. “मागं बघत जा,” म्हणाले. “डोंगराच्या नाकावर देवलाचा कलस लागलेला पायजे. कलस पान्यात बुडला की परत फिरायचं.” एवढं बोलून ते गुडघे चोळत बसले.

खाडीचं तोंड मागे पडल्यावर मेव्हणा हसायला लागला. “बाबांच्या वेलेला तेवढाच आधार व्हता. पुढं जायचं आन मागं बगायचं! आपल्याकडं यादी हाय, भावजी. ते लाल जहाज दिसतं ना? त्याला धक्क्याला जागा मिलाली नाय. यार्डात यादी लागलीय, बुधवारपर्यंत जागचं हलत नाय. त्याच्यावर नाक धरा. अर्ध्या वाटंवर खडक हाय, तिथं घोल. तोंडाशी कोन ठेवतंय घोल आपल्यासाठी?”

मला त्याचं बोलणं फार पटलं. यादी म्हटलं की सरकारी-निमसरकारी माणसाचा लगेच विश्वास बसतो. आमच्या ऑफिसात तर माणूस मेला तरी यादीत नाव असेपर्यंत त्याला हजर धरायचे. मी मशीनचा दांडा घेतला. मेव्हणा माझ्याकडे पाठ करून गळांचा गुंता सोडवायला बसला. तो गुंता सात वर्षांचा होता, त्यामुळे सुटायला साडेतीन तास लागले. आणि तिकडे त्या जहाजाला यादीतलं कोणी काही सांगितलं नव्हतं बहुतेक. ते आपलं हळूच नांगर उचलून आल्या वाटेने निघालं होतं, आणि त्याच्या मागोमाग मी, इमानेइतबारे, अरबस्तानाच्या दिशेने.

“फिरवा,” मेव्हणा म्हणाला.

“कुठे?”

“मागं.”

मी फिरवली. किती फिरवली? इथेच सगळा घोळ झाला. मी म्हणतो अर्धी फिरवली. मेव्हणा आजही म्हणतो की मी पूर्ण गोल फिरवून परत तिथेच आणली. समुद्रावर रस्ता नसतो, दुभाजक नसतो, पानाची टपरी नसते. अर्धं वळलो की पाऊण, हे ठरवायचं कशावरून? जहाजावरून ठरवावं म्हटलं तर तेही तेवढ्यात त्या दुधात शिरलं आणि गेलं. आता सगळीकडे सारखंच होतं. वारा पडला होता. सूर्य बरोबर डोक्यावर. मे महिन्यातला दुपारचा सूर्य दिशा सांगत नाही, नुसता टाळू भाजतो. माझी सावली माझ्याच बुडाखाली जाऊन बसली होती, तीही बहुतेक घाबरून.

“हितं उरण,” मेव्हण्याने उजवीकडे बोट केलं.

“मघाशी तू डावीकडे म्हणालास.”

“मघाशी होडीचं तोंड हिकडं व्हतं.”

“तोंड तिकडेच आहे.”

“तुमी हालवलं!”

“मी? मी श्वाससुद्धा घेतलेला नाही!”

“आरं, तू गप रे जरा!” तो ओरडला. तीन वर्षांत तो मला पहिल्यांदा ‘अरे-तुरे’ करत होता. दोघेही चमकलो. मग तो हळूच म्हणाला, “तुमी गप ऱ्हावा, भावजी.” त्या ‘तुमी’ने मला जास्त भीती वाटली.

मग त्याने होडीबाहेर वाकून पाण्यात हात घातला, आणि तसाच राहिला. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, “पानी बगा.”

पाणी निळं होतं. आता खरं सांगतो, आमच्या सोसायटीतल्या प्रत्येक घरात वाण्याने दिलेलं एक कॅलेंडर असतं, आणि त्यात अस्सं निळं पाणी असतं. आमचं रोजचं पाणी म्हणजे चहात जास्त दूध पडल्यासारखं. मला वाटलं, वा, इतकी वर्षं जे बघायचं राहिलं ते आज फुकटात दिसलं. मी म्हणालोही, “काय सुंदर आहे रे!” मेव्हण्याचा चेहरा त्या वेळी असा होता की बर्फातल्या पापलेटाला जास्त रंग असेल.

“आपल्याकडं निलं पानी नसतं, भावजी,” तो म्हणाला. “गढूल पान्यात तल असतो. हितं काय हाय खाली, कोनाला ठावं.”

त्याने नांगर टाकला. खाडीतला नांगर, खाडीपुरता दोर. दोर सरसर गेला, संपला, आणि नांगर नुसता लोंबकळत राहिला, शाळेच्या घंटेसारखा. त्याने ओढून परत घेतला. तो दोर गुंडाळत होता तेव्हा मी मुद्दाम आभाळाकडे बघत होतो.

पेट्रोलचा एक डबा होता. पाऊण संपला होता. प्रश्न एवढाच होता: जो पाव उरलाय तो कुठल्या दिशेला जाळायचा? जिकडे जाळू तिकडे जमीन असेल तर जेवायला घरी. नसेल तर, मग नसेल. आम्ही मतदान घेतलं. दोनच मतदार, दोन्ही मतं वेगळी. मग तो म्हणाला, “तुमी घाटावरचे, तुमी बोला ते उलटं करू.” मला अपमान वाटायला हवा होता, त्याऐवजी हायसं वाटलं. निदान कोणाकडे तरी युक्ती होती. मी डावीकडे म्हणालो, म्हणून आम्ही उजवीकडे गेलो.

तासभर गेलो. त्या तासात मी तीन वेळा मुंबई पाहिली. एकदा तर अख्खी, खिडक्यांसकट. तो ढग निघाला. बाटलीतलं पाणी संपलं, कारण बायकोने भाकरीबरोबर सुक्या बोंबलाची चटणी दिली होती आणि मी ती भीतीच्या भरात एकट्यानेच संपवली होती. पाणी निळ्याचं आणखी निळं होत गेलं. मी ते बघत होतो. तोही बघत होता. पण युक्ती त्याची आणि उलटं मत माझं, त्यामुळे कोण बोलणार?

मग सूर्य कलला. बोटभरच कलला असेल, पण माझी सावली बुडाखालून बाहेर आली आणि होडीच्या मागच्या बाजूला पडली. मेव्हण्याने सावलीकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं. सूर्य आमच्या नाकासमोर उतरत होता. आम्ही तासभर घराकडे पाठ करून घर शोधत होतो.

त्याने दांडा माझ्या हातातून घेतला, होडी वळवली, सावलीच्या मागे लावली. दहा मिनिटं गेली असतील. मशीनने दोन उचक्या दिल्या आणि ते गप्प झालं. मी डबा उलटा करून बघितला, हलवला, त्यात तोंड घालून आत हाक मारली. मेव्हण्याने वल्ही काढली.

आम्ही वल्हवलं. लोकांना मी सांगतो की आम्ही सात तास वल्हवलं. खरं म्हणजे दोन असतील. तळहातांची साल निघाली, एवढं मात्र वाढवून सांगायची गरज पडत नाही. पुढे दुपारचा वारा सुटला आणि मागून ढकलायला लागला. अधूनमधून मेव्हणा थांबून गळाच्या डब्याकडे बघायचा. गळ एकही पाण्यात पडला नव्हता. सात वर्षांचा गुंता सुटून नीट, गोल गुंडाळलेला तसाच होता.

शेवटी एक ट्रॉलर आला, करंजा बंदराकडे परतणारा. मी शर्ट काढून इतका हलवला की त्याची एक बाही समुद्राला दिली. ट्रॉलरचा तांडेल, म्हणजे बोटीवरचा मुख्य, वाकून बघत राहिला. त्याने होडी ओळखली.

“ही खाडीतली होडी ना? हितं कशाला आनली?”

मेव्हणा खाली मान घालून दोर बांधत होता. म्हणून मीच विचारलं, “तांडेल, आम्ही नेमके कुठे आहोत?”

“पान्यात,” तांडेल म्हणाला आणि आत गेला.

धक्क्याला लागलो तेव्हा ऊन उतरलं होतं. सगळा कोळीवाडा जमला होता. सासूबाई एका हाताने मुलाला बडवत होत्या आणि दुसऱ्या हाताने कुरवाळत होत्या. मला जावई म्हणून फक्त शिव्यांवर सोडलं. मी तिथल्या तिथे, ओल्या बनियनवर, सगळी हकीकत सांगायला सुरुवात केली. त्यात एक देवमासा आपोआप आला. जहाजाच्या कप्तानाने मला सलाम केला. लाटा दुमजली झाल्या. पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत होती, बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. सासरे मात्र पाण्यात उतरून होडीच्या कडांवरून हात फिरवत होते. त्यांनी रिकामा डबा उचलून पाहिला. गळांचा डबा उघडून पाहिला, बंद केला.

पुढचा आठवडा मी नेरुळच्या सोसायटीत भलता नावाजलो. देवमाशाला पिल्लं झाली होती तोपर्यंत. मेव्हणा सोमवारी यार्डात गेला, मंगळवारी गेला, शनिवारीही गेला; आणि रविवारी सकाळी त्याने मला उरणला बोलावून घेतलं. म्हणाला, बाबांकडं पुन्हा होडी मागून बघतो, या वेळी तोंडाच्या बाहेर नाय जाणार, कलसावर नजर ठेवीन, देवाशपथ. तुमी फक्त बाजूला उभे ऱ्हावा. मी उभा राहिलो. काय बोलायचं याची मनात तयारीही केली होती. त्यात देवमासा नव्हता.

सासरे होडीजवळ बसून जाळ्याची भोकं सांधत होते. होडीच्या मागच्या फळीवर मशीन बसवायची जागा मोकळी होती. चार बोल्टांची भोकं, आणि भोवती तेलाचा काळा डाग.

“बाबा,” मेव्हणा म्हणाला, “मशीन कुठं हाय?”

सासऱ्यांनी दात लावून दोरा तोडला.

“देऊन टाकली,” ते म्हणाले. “खाडीला वल्ही पुरतात.”