प्लेटवरची पन्नी

इलेक्ट्रिक गिटारवर तारांच्या खाली एक पांढरी प्लास्टिकची प्लेट बसवलेली असते. वाजवताना नखी लागून लाकडाचा रंग खरवडू नये म्हणून ती असते आणि तिला पिकगार्ड म्हणतात, हे मला पुतणीनं सांगितलं. आम्ही तिला नुसती प्लेट म्हणायचो. माझ्या थोरल्या भावाच्या लाल गिटारवर ती होती, आणि या जूनमध्ये त्याच्याच पोरीनं फर्मान काढलं की ती काढून टाकायची.

"काका, लई पिवळी पडली ही. काढून टाकू. सगळे काढत्यात आता, नुसतं लाकूड भारी दिसतं."

मी तेव्हा त्यांच्या घरी स्टुलावर उभा राहून पंख्याचा कंडेन्सर बदलत होतो. माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर असतो, हे केजच्या बाजारात कुणीही सांगेल. पाण्याच्या मोटारी भरायचं दुकान आहे माझं. जळालेल्या मोटारीतली तार काढायची आणि नवी भरायची, दिवसभर हेच. "कधी मिळंल" असं गिऱ्हाइकानं तिसऱ्यांदा विचारलं की मी मोटार उचलून आहे तशी त्याच्या हातात देतो. पण या पोरीवर मी कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. हात लावायचा न्हाई तिला, म्हणालो, कळलं का? आतल्या खोलीत वहिनी गहू पाखडत होत्या, त्यांच्या सुपाचा आवाज थांबला. मी पंखा तसाच लोंबकळत ठेवून घरी निघून आलो आणि दोन दिवस त्या मायलेकी जूनच्या उकाड्यात बिनपंख्याच्या झोपल्या. असला शहाणा मी.

दादा भीमजयंतीच्या गायन पार्टीत गिटार वाजवायचा. एप्रिल लागला की त्याचा पाय घरात ठरायचा नाही. आज नेकनूर, उद्या चौसाळा, परवा आणखी कुठलं तरी गाव. एरवी तहसीलसमोर त्याचं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान होतं. पार्टीत आधी बेंजो होता, पण दादाला गिटारचंच वेड लागलेलं. एक दिवस कुणाला न सांगता पुण्याला गेला आणि नवीकोरी गिटार घेऊन आला. एसटीत वरच्या रॅकवर ठेवली नाही, डिकीत टाकली नाही. सहा-सात तास मांडीवर घेऊन बसला. उतरला तेव्हा पायाला मुंग्या आल्या होत्या, नीट चालता येत नव्हतं, आणि चेहरा असा फुललेला, की मी भांडायचं विसरून गेलो.

त्या पांढऱ्या प्लेटवर कंपनीनं एक पारदर्शक पन्नी चिकटवलेली होती. ओरखडे पडू नयेत म्हणून असते, वस्तू घरी आणली की काढून टाकायची असते. दादानं काढली नाही. त्यानं जन्मात कशाचीच पन्नी काढली नाही. टीव्हीचा रिमोट पन्नीत, मिक्सरची बटणं पन्नीखाली, मोटारसायकलच्या टाकीवर पन्नी, फ्रिजच्या दारावर पन्नी. नव्या गादीचीसुद्धा काढू दिली नाही. कुशीवर वळलं की अख्ख्या घराला ऐकू जायचं. आम्ही हसायचो. दिवसभर लोकांचे दाखले लॅमिनेट करून करून याला आता बायकोपोरंही लॅमिनेट करायची आहेत, असं मी म्हणायचो. तो म्हणायचा, हसा लेकहो, तुमच्या वस्तू बघा अन् माझ्या बघा.

वहिनींना त्याचा फार वैताग यायचा. त्यांची नखंच शिवशिवायची. बोलता बोलता फ्रिजच्या पन्नीचा कोपरा नखानं उचलायच्या, आणि दादा समोर बसल्या जागेवरून म्हणायचा, "राहू दे गं." मग उठून अंगठ्यानं तो कोपरा परत दाबून बसवायचा. एकदा त्यांनी रिमोटची पन्नी सरळ ओढून काढली, तर पठ्ठ्यानं दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी रिमोटला आपल्या दुकानातलीच पन्नी घालून आणली. वहिनींनी कपाळावर हात मारला आणि दोघंही हसत सुटले. तो संसार असा होता.

गिटारवरच्या पन्नीवर मात्र वर्षं उमटत गेली. तारांच्या खाली नखी जिथं घासायची तिथं रेघाच रेघा, एकावर एक, पांढुरक्या. एका जागी फाटली तर दादानं लॅमिनेशनचा तुकडा वरून चिकटवला. तो फाटला, त्यावर दुसरा. करंगळी टेकवायची सवय होती, तिथं बोटाएवढा डाग पडलेला. इतक्या वर्षांच्या घासण्यानं त्या रेघा खालच्या प्लेटमध्येही उतरल्या असणार, असं मी धरूनच चाललो होतो.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दादा गेला. सात दिवस दवाखान्यात होता. आत कुणालाच सोडत नव्हते, तसं आम्हालाही कुणी सोडलं नाही. शेवटचा फोन मला आला. दम लागलेला, तरी म्हणाला, गिटार उघडी राहिली भिंतीला, धूळ बसंल, कव्हरात घाल. मी चिडलो, म्हणालो, गिटारीचं काय घेऊन बसलास, जेवलास का ते सांग. बस, तेवढंच. भावाशी शेवटचं बोललो ते पण चिडूनच.

त्याला स्मशानात आणलं ते पन्नीत गुंडाळून, डोक्यापासून पायापर्यंत. नीट कुठं काही दिसत नव्हतं. लांब उभं राहायचं, जवळ यायचं नाही, उघडायचं नाही, असं बरोबरच्या माणसांनी बजावलं होतं. वहिनी माझ्या शेजारी उभ्या होत्या. रडत नव्हत्या, काही नाही. एकदम पुढं गेल्या आणि तोंड असेल त्या जागी वाकून नखानं पन्नीची कड शोधायला लागल्या. अगदी फ्रिजची शोधायच्या तशीच. मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला.

"वहिनी, हात लावायचा न्हाई. नियम हाय."

"तोंड तरी बघू द्या भावजी," त्या म्हणाल्या.

मी नाही बघू दिलं. ओढत मागं आणलं. दंडावर वळ उठले असतील, इतकं घट्ट धरलं होतं. मला वाटत होतं मी शहाणपणा करतोय. पदरी चौदा वर्षांची पोर आहे, हिला काही झालं तर तिनं कुणाच्या तोंडाकडं बघायचं? खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. ज्या माणसानं जन्मभर कशाची पन्नी काढली नाही, त्याची शेवटी कुणी काढली नाही, हे मला तिथंच उभ्या उभ्या सुचलं, आणि असलं काही सुचावं याचा स्वतःचाच भयंकर राग आला.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते गिटार कव्हरात घालायचं. नंतर चार वर्षं तिला माझ्यासमोर कुणी वाजवलं नाही. पण मी दर रविवारी जायचो. कधी नळाची तोटी बघायला, कधी बोर्ड बघायला, काहीतरी निमित्त काढायचो, आणि आत कुणी नसलं की चेन उघडून प्लेटवरच्या त्या रेघांवरून अंगठा फिरवायचो. खरखरीत लागायच्या. दादाचा हात मला शेवटचा हातात घ्यायला मिळाला नाही, तर त्या हातानं केलेलं एवढं तरी माझ्या बोटाखाली होतं. वेडेपणाच तो. कुणाला कळत नाही असं मला वाटायचं, पण त्यांच्या घरातली तोटी इतक्या वेळा खराब होत नाही हे वहिनींना कळत नसेल होय?

आणि आता पोरगी अठराची झाली. मोबाईलवर बघून बघून, माझ्या लक्षात यायच्या आधीच, गिटार शिकली. छत्रपती संभाजीनगरला कॉलेजात नंबर लागला. गिटार घेऊन जाणार म्हणाली. गिटार नेऊ नको असं कुठल्या तोंडानं म्हणू? बापाचीच आहे. पण ती ते प्लेट काढायचं काही सोडेना. भांडण झाल्यावर दोन दिवसांनी मी तोंड पाडून पंखा बसवायला गेलो, तर माझ्याशी शांतपणे बोलायला बसली. म्हणाली, दिसायचं सोडा काका, पण ती पन्नी जागोजाग सुटली आहे, हात टेकवला की चुरचुर वाजते. मला तो आवाज सहन होत न्हाई.

कुठला आवाज ते मी विचारलं नाही. दादाला आणलं त्या दिवशी तीही तिथं लांब रिक्षात बसलेली होती.

मग मी माझ्या बाजूनं तोड काढली. प्लेट काढू, म्हणालो, पण ती मला द्यायची, पन्नीसकट, आहे तशी. तू गिटार ने, मी प्लेट ठेवतो. पोरगी लगेच तयार झाली. मला आतून फार बरं वाटलं. दुकानात कुठं टांगायची ते पण ठरवून टाकलं, गल्ल्याच्या वर, जिथं गिऱ्हाइकाचा हात पोचणार नाही.

ती जायच्या दिवशी सकाळी आम्ही ओसरीत सतरंजीवर गिटार ठेवली. पोरीनं तारा काढल्या. मी पेचकस घेतला. अकरा पेच होते, गंजून बसलेले; एकेक सोडून वाटीत टाकत गेलो. शेवटचा निघाला आणि मी प्लेट उचलली, तर ती वीतभर वर आली आणि अडली. खाली लाकडात मोठा खड्डा, आणि प्लेटच्या पाठीला सगळा संसार लटकलेला. बटणं तिलाच, वायरी तिलाच, आणि आवाज पकडणाऱ्या त्या तीन पट्ट्याही तिलाच. उलटं करून बघितलं, तर त्या पट्ट्यांत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची वेटोळी. आमच्या मोटारीत भरतो तीच जात. दादा मला म्हणायचा, तू तार भरलीस की पाणी येतं, माझ्या तारेतून गाणं येतं. मी त्याला उडवून लावायचो.

म्हणजे गिटारचा आवाज सगळा प्लेटमध्येच. ती मी ठेवून घेतली असती तर पोरीच्या हाती नुसतं खड्डा पडलेलं लाकूड गेलं असतं. चाळीस वर्षांत इतक्या मोटारी उघडल्या, पण ही आधी उघडून बघायचं काही सुचलं नाही.

पोरगी हळूच म्हणाली, "मग काका, प्लेट राहू द्या. नुसती पन्नी काढू. आता पेच निघालेत तर कडा मोकळ्या झाल्यात."

माझं डोकं फिरलं. प्लेट जाणार ती जाणारच, वर तिच्यावरचं दादाचं तेवढं पण पुसून न्यायचं? पन्नी निघाली तर वरच्या रेघा जातील, तो करंगळीचा डाग जाईल. मी प्लेट छातीशी धरली आणि ओरडलो, "हात लावायचा न्हाई म्हणून एकदा सांगितलं ना!"

वहिनी उंबऱ्यात पोरीच्या डब्याला फडकं बांधत बसल्या होत्या. फडकं खाली ठेवलं. उठून आल्या, माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. चार वर्षांत त्या दिवसाचा एक शब्द त्यांनी माझ्याजवळ काढला नव्हता.

"त्या दिवशी पण तुमी हेच म्हणला होता भावजी," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी ऐकलं. आज काढू द्या मला."

वायरी ताणू नयेत म्हणून मी प्लेट गिटारवर टेकवली आणि वहिनींनी नखानं पन्नीची कड उचलली. "राहू दे गं" म्हणायला कुणी नव्हतं. त्यांनी घाई केली नाही. एका हातानं प्लेट दाबून धरली आणि दुसऱ्या हातानं सावकाश ओढत गेल्या. वाळलेला डिंक तडतडत सुटत होता. दादानं चिकटवलेले तुकडे पन्नीबरोबरच आले. पोरगी तोंडाला ओढणी लावून बघत होती.

खाली प्लेट पांढरीशुभ्र निघाली. पुण्याच्या दुकानातून आणली त्या दिवशी जशी असेल, तशीच. मी वाकून वाकून बघितलं, उजेडाकडं तिरकी करून बघितली. एक रेघ नव्हती. दादाचा हात इतक्या वर्षांत त्या प्लेटला लागलाच नव्हता. जे काय होतं ते सगळं वरच्या पन्नीवर, आणि ती वहिनींच्या मांडीवर गुंडाळी होऊन पडली होती.

वहिनींनी त्या कोऱ्या प्लेटवर तळवा ठेवला आणि गालावरून फिरवतात तसा फिरवला. मग त्यांचा बांध फुटला. दुसऱ्या लाटेतलं ते रडणं आज बाहेर आलं. मीही रडलो, लाज कसली त्यात. म्हणालो, "वहिनी, मी बघू द्यायला पायजे होतं तुमाला."

"पायजे होतं," त्या म्हणाल्या.

तेवढंच. तुमची काय चूक, नियमच तसा होता, असलं काही त्या म्हणाल्या नाहीत, आणि त्यांनी ते म्हणावं असं मलाही वाटत नव्हतं. जरा वेळानं त्यांनी पदरानं डोळे पुसले, मांडीवरची पन्नी उचलून माझ्या मांडीवर ठेवली, आणि म्हणाल्या, "घ्या, तुमाला पायजे होती ना. आता पेच लावा. पोरीची गाडी हाय."

मी पेच लावायला घेतले. दहा लागले. अकरावा काही केल्या भोकात बसेना. मला दिसतच नव्हतं. पोरीनं माझ्या हातातून पेचकस काढून घेतला आणि तो तिनं लावला.