स्फटिकांची तीट

हैदराबादच्या गाडीत परभणीला एक मावशी शेजारी येऊन बसली. माझ्या मांडीवर थर्माकोलचा डबा होता आणि त्यात वर्षभर जपून वाढवलेले प्रथिनाचे स्फटिक. गाडीला हिसका बसला की डब्याखाली माझ्याआधी तिचा हात जायचा.

"लय नाजूक दिसतंय. कुठं न्यायलास, लेकरा?"

"क्ष-किरणांनी फोटो काढायला. त्यावरून प्रथिनाचा आकार कळतो."

"फोटो काढायला, अन् तीट न लावता?"

मी काही बोलायच्या आत तिनं डोळ्यातलं काजळ बोटावर घेऊन झाकणाला लावलं आणि कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

फोटोत अणू न् अणू वेगळा दिसला. प्रयोगशाळेतले आमचे सर कट्टर विज्ञानवादी. पण आता डबा निघाला की दारापर्यंत येऊन हळूच विचारतात, "तीट लावली ना?"