तळव्याने ढकलायचा दांडा

विमानात मी आजवर दोनदाच बसले आहे, पण विमानाचे दांडे बनवण्यावर माझं पोट चालतं. घरातल्या एखाद्या खोलीत कॉकपिट उभारून कॉम्प्युटरवर विमान उडवणारे हौशी लोक असतात. त्यांना लागणारा थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करायचा दांडा, मी वसई पूर्वेच्या माझ्या छोट्या गाळ्यात तयार करते.

जूचंद्रचे एक काका माझे गिऱ्हाईक. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या खोलीत प्लायवूडचं कॉकपिट केलं होतं, बसायला जुन्या गाडीची सीट. त्यांना दिलेला दांडा मी मुद्दाम खऱ्या विमानातल्यासारखा टाइट ठेवला होता. त्याचा मला केवढा अभिमान!

पुढे काकांना अर्धांगवायूचा झटका आला. ते सावरले, पण उजवा हात अधू झाला. काही महिन्यांनी काकूंचा फोन आला.

"अगं, तो दांडा परत घेऊन जा. हे त्या खोलीकडे फिरकतसुद्धा नाहीत."

मी गेले. काका मला मागच्या खोलीत घेऊन गेले. मग सीटवर बसले, डावा हात विमान वळवायच्या चाकावर ठेवला आणि उजवा दांड्यावर. बोटं मिटेनात. विमान उतरवताना त्यांनी दांडा मागे घ्यायला जोर लावला, तर तो जागचा हलेना; मग एकदम सटकून टोकाला गेला. पडद्यावरचं विमान धावपट्टीवर आपटलं.

"रोज हेच," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

मी दांडा घेऊन आले. वाटलं, थोडा सैल केला की झालं. सैल केला, तर हाताच्या नुसत्या वजनाने तो घसरायला लागला. दोन दिवस त्याच्याशी झटापट केली, मग तसाच उचलून पाचूबंदरला घरी नेला. वडिलांनी जन्मभर बोट चालवली. संधिवाताने आता त्यांचीही बोटं वाकडी झाली आहेत. त्यांनी दांडा मांडीवर घेतला, दोनदा पुढेमागे केला.

"बाय, हा धरनार कोन? ज्याची मूठ मिटते तो. ज्याची मिटत नाय त्यानं काय करायचं?"

"मग तुम्ही बोटीवर काय करायचात?"

"धरायचोच नाय. तळव्यानं ढकलायचो. मागं आनायला मनगट अडकवायचो."

त्यांनी करून दाखवलं. इतकी वर्षं मी विमानांचे फोटो मोठे करकरून बघत होते. माणसाचा हात कधी नीट बघितलाच नव्हता.

मग मी दांड्याची मूठ काढूनच टाकली. तिच्या जागी पंजा आत जाईल अशी रुंद कमान बसवली: मागच्या बाजूला तळवा टेकायला जागा, पुढे मनगट अडकवायला पट्टी. दांडा किती टाइट हवा ते ज्याचं त्याने ठरवावं म्हणून बाजूला एक मोठा स्क्रू दिला. पहिली कमान अरुंद झाली. दुसरीची कड काकांच्या अंगठ्याला घासली. तिसरी घेऊन मी रविवारी दुपारी गेले. हीसुद्धा जमली नाही तर काय तोंड दाखवायचं, हा विचार रस्ताभर डोक्यात होता.

काकांनी डाव्या हाताने स्क्रू फिरवला. थोडा घट्ट, थोडा सैल, परत जरा घट्ट. विमान खाली यायला लागलं. मनगटाने दांडा हळूहळू मागे आला, कुठेही अडला नाही, सटकला नाही. चाकं टेकली, विमान एकदा उसळलं आणि धावपट्टीवर सरळ धावत सुटलं.

"उतरलं का हो?" काकूंनी दारातून विचारलं.

"उतरलं," काका म्हणाले.

काकू तिथल्याच स्टुलावर बसल्या.

आता कुणीही दांडा मागितला की मी आधी त्याला बसतोस कसा, हात कुठे टेकवतोस, कुठे दुखतं का, ते विचारते. विमान कोणतं, हे त्यानंतर.

त्या रविवारी मी निघाले तेव्हा काकांनी वळूनही पाहिलं नाही. ते पुढच्या उड्डाणाच्या तयारीत होते. काकू दारापर्यंत सोडायला आल्या.

"आता दोन तास हाक मारली तरी ऐकू जायचं नाही," त्या म्हणाल्या आणि मोकळं हसल्या.