ढगघरातली शाल

"बॅगा उघडा म्हटलं की उघडायच्या. यात चर्चा कसली, मावशी?"

"उघडतील हो. पण मिटतील का परत?"

"कोड्यात बोलू नका."

"कोडं कुठलंय? एकदा पोरीच्या कपड्यांत परक्याचा हात फिरला की ती बॅग काही मिटत नाही, बाई. वर्षभर खाटेखाली तोंड वासून पडून राहते."

"मग घड्याळ काय पाय फुटून गेलं?"

"काटे असतात घड्याळाला. पायांचं काही ऐकलं नाही मी."

"मावशी!"

वसतिगृहाच्या लांब व्हरांड्यात दोघी समोरासमोर उभ्या होत्या. रेक्टरबाईंच्या हातात खोल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा, मावशींच्या हातात कपड्यांच्या चिमट्यांनी भरलेला डबा. प्रत्येक दारातून एकेक डोकं बाहेर आलं होतं, कुणाचं ओलं, कुणाचं अर्धं विंचरलेलं. सकाळपासून कुणाचंच कशात लक्ष नव्हतं.

हरवलं होतं मासोळीचं घड्याळ. मासोळी म्हणजे कॉलेजची पोहणारी. तिच्या केसांना कायम तलावाचा वास, आणि चालायचीही अशी, की मधली हवा हातानं बाजूला सारतेय. तिला पोहायला शिकवलं तिच्या काकानं, आणि पहिली शर्यत जिंकल्यावर स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून तिच्या मनगटावर चढवलं. पाण्यात बुडवा, साबणात घाला, ते आपलं चालूच. काका आता नव्हता. घड्याळ चालू होतं, एवढंच.

"रात्री उशीखाली ठेवलं होतं," मासोळी सकाळपासून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. "आंघोळीला गेले, तिथून तशीच नाश्त्याला. परत आले तर नाही."

"आणि तेवढ्या वेळात खोलीत कोण होतं?" रेक्टरबाईंनी विचारलं.

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. खोलीत होती चिमणी, मासोळीची जोडीदारीण. इतकं हळू बोलणारी, की हजेरीच्या वेळी शिक्षकांना दोनदा नाव पुकारावं लागे. ती भिंतीला टेकून उभी होती आणि पायाच्या अंगठ्यानं फरशीवर काहीतरी लिहीत होती.

"मावशीपण आल्या होत्या खोलीत," दारातून वकिलीणबाई म्हणाली. ही कायदा शिकत होती आणि तो आमच्यावर उगाळत होती. "आज अभ्रे धुवायचा दिवस. नोंद घ्यावी."

"आले होते," मावशी म्हणाल्या. "अभ्रे झटकून घेतले मी. काही नव्हतं त्यात."

झालं. मावशींनी झटकला म्हणजे झटकला. खिडकीशी उभं राहून अभ्र्याची दोन टोकं धरायची आणि असा फटका द्यायचा की अंगणातल्या मांजरीनं कान पाडावेत. त्या फटक्यानं आजवर अभ्र्यांतून पेनं पडली, कानातली पडली, एकदा तर चोरून लिहिलेलं अख्खं प्रेमपत्र पडलं, ते मावशींनी न वाचता परत दिलं. (न वाचता म्हणजे, असं त्या म्हणत.) न झटकता एकही कापड पाण्यात गेलं नाही, ही त्यांची शेखी होती आणि आमची खात्री. त्यामुळे मावशींचं ते वाक्य संपलं तेव्हा व्हरांड्यातले सगळे डोळे आपसूक चिमणीकडे वळले.

"संध्याकाळपर्यंत घड्याळ आलं नाही, तर चिमणीनं दुसरीकडे सोय बघावी," रेक्टरबाई म्हणाल्या. "गादी गुंडाळून ठेवायला सांगा तिला."

"गादी नका गुंडाळू," मावशी एकदम म्हणाल्या. "आज ढगघर करते मी. मग काय ते करा."

रेक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. पण नाही म्हणाल्या नाहीत.

मावशी या वसतिगृहात आल्या त्या बहिणीच्या जागी, थोड्या दिवसांसाठी. बहीण बाळंतपणाला गेली ती तिकडेच रमली, आणि मावशी इथे राहिल्या. त्याआधी त्या एका इस्पितळाच्या धुलाईघरात होत्या. तिथल्या चादरींबद्दल त्या फारसं बोलत नसत. "इथल्या चादरी बऱ्या," एवढंच म्हणत. "इथल्या चादरींवर फक्त झोप सांडलेली असते." नवरा रात्रपाळीचा पहारेकरी. "आमच्या संसारात भांडण म्हणून नाही गं," त्या सांगत, "भेटच होत नाही तर भांडणार कधी? तो उठतो तेव्हा मी निजते. एकच गादी दोघांना पुरते, गार म्हणून व्हायची नाही."

त्यांच्या पहिल्याच वर्षी कुणाच्या तरी बांगड्या गेल्या होत्या. झडती झाली, बांगड्या सापडल्या, मुलगी त्याच दिवशी घरी गेली. तिची गादी खाटेवर गुंडाळलेली राहिली. मावशी रोज त्या खोलीत झाडू मारायला जायच्या आणि ती गादी त्यांना पाठमोऱ्या बसलेल्या माणसासारखी दिसायची. त्यानंतर त्यांनी काही हरवलं की ढगघर करायची पद्धत सुरू केली.

सगळ्यात वरच्या मजल्यावर कपडे वाळत घालायची लांबलचक खोली आहे. दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्यांच्या खिडक्या, वर कप्प्यांवरून ओढलेल्या दोऱ्या. धुण्याच्या दिवशी तिथे साऱ्या वसतिगृहाच्या चादरी आणि अभ्रे टांगलेले असतात, छतापासून गुडघ्यापर्यंत. आम्ही तिला ढगघर म्हणायचो. चोरी झाली की दुपारी एकेकीनं या दारानं आत जायचं, चादरींमधून वाट काढत त्या दारानं बाहेर यायचं. अंगावर मावशींची राखाडी शाल, दोन्ही हात शालीखाली. मध्यावर एक टोपली. जिच्याकडे जे असेल तिनं ते टोपलीत ठेवावं. नसेल तिनंही तिथे थोडं वाकावं. आत बोलायचं नाही, बाहेर आल्यावर सांगायचं नाही, आणि आत काय झालं हे कुणी कुणाला, कधीही विचारायचं नाही. सगळ्यात शेवटी मावशी स्वतः जायच्या, त्याच शालीत, हात तसेच झाकून.

"तुम्ही कशाला, मावशी?" कुणीतरी एकदा विचारलं होतं.

"मी काय देवाघरची आहे? माझेही हात हातच."

त्या दुपारी आम्ही रांगेत उभ्या राहिलो. आत जाणं म्हणजे काय, ते सांगता येत नाही नीट. दार मागे लागतं आणि पायांचा आवाज नाहीसा होतो. खिडक्यांच्या पट्ट्यांतून येणारा उजेड चादरींवर झिरपून दुधासारखा होतो. ओलसर साबणाचा वास. एखादी चादर वाऱ्यानं फुगते आणि पलीकडे कुणीतरी उभं आहे असं वाटतं. मग ती बसते आणि तिथे कुणीच नसतं. कुणाच्या तरी उशीचा अभ्रा गालाला लागून जातो, आणि क्षणभर आपण तिच्या स्वप्नातून चाललोय की काय असं होतं. बाहेरचं घड्याळ, परीक्षा, भांडण सगळं खाली कुठेतरी राहतं. टोपलीशी वाकताना प्रत्येकीला आपलं काहीतरी आठवतंच. म्हणून तर टोपलीत न हरवलेल्या वस्तूही निघायच्या: मागून घेतलेला आणि परत न केलेला चमचा, मैत्रिणीची रिबीन, दुसऱ्याच कुणाचं तरी पुस्तक.

चिमणी आत गेली. बाहेर मासोळी दाराकडे डोळे लावून बसली.

"वेळ लावतेय," वकिलीणबाई पुटपुटली.

"चूप," मावशी म्हणाल्या. "ढगात घाई करू नये."

चिमणी पलीकडच्या दारानं बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा नुकतं कुणीतरी हाक मारून उठवल्यासारखा होता. तिनं शाल काढून पुढच्या मुलीच्या खांद्यांवर घातली.

"ई, ओली कशी गं ही? इथे मधेच."

"पाणी ठिबकतंय," चिमणी म्हणाली. तिचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच नीट ऐकू आला.

रांग संपली. मावशींनी शाल पांघरली, हात आत घेतले आणि गेल्या.

टोपलीत त्यांना चमचा दिसला. मोजाही. घड्याळ नव्हतं. मावशी टोपलीशी उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत ढगघरानं त्यांना असं रिकाम्या हातानं कधी पाठवलं नव्हतं. आता खाली जायचं, आणि त्या पोरीला गादी गुंडाळ म्हणून सांगायचं.

वारा आला. सगळे अभ्रे एका लयीत फुगले, हलले, वर आले. एक तेवढा आला नाही.

तो चिमट्यांना जड होऊन लोंबत होता. मावशी जवळ गेल्या. अभ्रा अजून ओलाच होता. खालचा एक कोपरा मात्र चुरगळलेला, पिळलेला. कुणीतरी तो बराच वेळ मुठीत गच्च धरून उभं राहिलं असावं. त्यांनी कान लावला. ओल्या कापडाच्या आतून, दूर कुठल्या तरी पाण्याखालून यावी तशी, टिकटिक येत होती.

मावशींनी डोळे मिटले. सकाळ त्यांना दिसली. मासोळीची खाट, खिडकी, हातात अभ्रा. आणि डावा खांदा, जो गेले काही महिने वर होतच नव्हता. उंच दोऱ्या कप्पीनं खाली घेता येतात, बादली उजव्या हातानं उचलता येते, पण झटकायला दोन हात लागतात. खांद्याचं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. रेक्टरबाईंना तर नाहीच. त्या आधीच बाहेरच्या धुलाईवाल्याला काम द्यायचं म्हणत होत्या. गेले काही धुण्याचे दिवस मावशी अभ्रे नुसते चाचपून बादलीत टाकत होत्या, आणि आज तर चाचपलंही नसावं. धुण्याचं मशीन खडखडत होतं, पण ते मशीन कधी खडखडत नाही?

बाहेर आम्ही थांबलो होतो. दार उघडलं. मावशींच्या हातात ओला अभ्रा होता, आणि पाणी त्यांच्या पायांवर ठिबकत होतं.

"मिळालं," त्या म्हणाल्या. अभ्र्यात हात घालून त्यांनी घड्याळ काढलं. सेकंदाचा काटा कुणाशीच काही देणंघेणं नसल्यासारखा फिरत होता. मासोळीनं ते दोन्ही हातांत घेतलं, कानाशी धरलं आणि भिंतीला पाठ लावून खालीच बसली.

"टोपलीत होतं ना?" रेक्टरबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात चक्क सुटका होती. "चला, परत ठेवलं ना. कुणी ठेवलं ते विचारायचं नाही, तुमचाच नियम. गादी राहू दे."

मावशींनी फक्त मान हलवली असती तरी चाललं असतं. ढगघराचं नाव राहिलं असतं, मावशींचा खांदा त्यांच्यापाशी राहिला असता, चिमणी खोलीत राहिली असती. आणि तिच्याशेजारी बसताना प्रत्येकीनं आपली पर्स दुसऱ्या बाजूला ठेवली असती.

"टोपलीत नव्हतं," मावशी म्हणाल्या. "उशीखालून सरकून अभ्र्यातच गेलं होतं. धुवून निघालंय. मी झटकला नव्हता."

"अहो, पण तुम्हीच सकाळी म्हणालात–"

"म्हणाले. हाताची सवय सुटली, तोंडाची राहिली." त्यांनी डावा हात वर करून दाखवला. तो खांद्याच्या खालीच अडला. "हे असं आहे. कुणी काही घेतलं नव्हतं. मीच नेलं, न बघता. माझ्या शब्दावर तुम्ही सगळ्यांनी या पोरीकडे बघितलंत."

रेक्टरबाईंनी जुडग्यातली एक किल्ली उगाचच फिरवली.

"उद्या ऑफिसात या, मावशी. बसून बोलू."

"येते."

मासोळी खालूनच म्हणाली, "चिमणे... अगं, मला काय वाटलं माहितीये..." आणि वाक्य तिथेच सोडून रडायला लागली. चिमणी तिच्याकडे बघत होती, पण खूप लांबून. एकेक जण पाय न वाजवता जिना उतरली. मासोळीला कुणीतरी धरून नेलं. वर मावशी आणि चिमणी उरल्या. मी टोपली आणायला म्हणून आत गेले होते, चादरींच्या मागे, म्हणून हे ऐकलं.

मावशींनी शाल उतरवली. मधला ओला डाग अजून तसाच होता, मुठीएवढा. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ते केलं, जे इतक्या वर्षांत कधीच केलं नव्हतं. विचारलं.

"तुला मिळालं होतं ना गं ते?"

चिमणीनं पायाच्या अंगठ्यानं फरशीवर एक रेघ ओढली.

"टोपलीत टाकलंस तर चोर. हातात घेऊन बाहेर आलीस तरी चोर. म्हणून तिथेच सोडून आलीस. होय ना?"

पलीकडे चादरी फुगल्या, बसल्या.

"माझ्यामागून आत कुणी येणार नव्हतं. शेवटची मीच. आणि चूकही माझीच, हे तुला कळलं असणार." मावशींचा आवाज खाली आला. "सांग ना, पोरी. मी खरं बोलेन असं वाटलं होतं तुला? की नव्हतं वाटलं?"

चिमणीनं त्यांच्या हातातली शाल घेतली. ती नीट घडी केली, टोकाला टोक जुळवून, ओला डाग आत जाईल अशी. मग ती त्यांच्या खांद्यावर ठेवली. उजव्या, न दुखणाऱ्या. आणि ती जिना उतरून गेली.